एक पौंडाची अट

१८७४ साली बंगाल-बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला. भूकबळी फारच थोडे झाले. याबद्दल साहेबांची पाठ थोपटली जायला हवी होती; उलट विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर उधळेपणाचा ठपका ठेवला. हे आधी सांगतो, कारण तीन वर्षांनी हेच टेंपलसाहेब दख्खनेत आले ते मूठ आवळूनच.

१८७६ चा पाऊस सोलापूर, नगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत दगा देऊन गेला होता. सरकारी मदत म्हणजे खडी फोडणे आणि माती वाहणे. आष्टीचा तलाव त्यातलाच. १८७७ च्या जानेवारीत मजुरी खाली आणली गेली : पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा शेर. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी लेखी हरकत घेतली की, सक्तमजुरीच्या कैद्यालासुद्धा याहून अधिक मिळते.

मग एवढे कमी का? तर म्हणे, जो इतक्यावर राबायला तयार होईल तोच खरा गरजू. ही कसोटी विलायतेची. १८३४ च्या कायद्याने तिकडच्या निराधाराला बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराहूनही वाईट स्थितीत ठेवायचे, असे ठरले होते. इकडे तिला अंतराची जोड दिली : गावाजवळची लहान कामे बंद करून माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडू लागले. आता उपासाने खंगलेली बाई कडेवर मूल घेऊन किती कोस चालणार? कसोटीला उतरला तो धडधाकट माणूस. जो मरणाच्या दारात होता तोच नापास झाला.

यानंतर घडले ते आमच्या चळवळीच्या इतिहासात क्वचितच सापडते. हजारो दुष्काळी मजूर कामे टाकून चालते झाले. त्यांना ना युनियन, ना लढा-निधी, ना पावती-पुस्तक. पंडितांनी याला संप म्हणावे की नाही, याचा घोळ खुशाल घालावा. ज्याला मस्टरवर नाव असण्याची किंमत ठाऊक आहे, त्याला भुकेल्या माणसाने आपणहून नाव काढून घेणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. गणेश वासुदेव जोशी यांच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मुंबई सरकार बधले नाही. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

त्याच सुमारास जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नाची सोय केली. तिथे मुलाने खडी फोडायची नव्हती. भूक लागली आहे, एवढा दाखला पुरेसा होता.

त्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांवर माणसे गेली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने अपंग-वृद्धांना काम न घेता मदत द्यावी असे मान्य केले. धडधाकटांची श्रमाची कसोटी मात्र कायम राहिली. त्यातून दुष्काळ-संहिता निघाल्या. १८९६ साली पुन्हा दुष्काळ आला, तेव्हा टिळकांनी आणि सभेच्या माणसांनी खेडोपाडी जाऊन त्या संहितेतले हक्क रयतेला मराठीत समजावून दिले. नियम सरकारचेच होते. सांगणारे तेवढे सरकारचे नव्हते. १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.