कोहिरर : थाप मारल्यावर विसरणारी नळी

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, घरातला जुना रेडिओ खरखरू लागला की वडीलधारं कुणीतरी त्याच्या डोक्यावर एक थाप मारायचं आणि तो बोलू लागायचा. असं का होतं, हे मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. आज आम्ही ज्या उपकरणाविषयी बोलणार आहोत, त्याला अशी थाप प्रत्येक खुणेनंतर मारावी लागे. त्याचं नाव कोहिरर.

१८८७-८८ साली जर्मनीत कार्ल्सरूह इथे हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष दाखवल्या. पण लहर आली हे ओळखायचं कसं? तारेच्या वळ्यातल्या बारीकशा फटीत उडणारी ठिणगी अंधारात डोळे ताणून पाहायची! लांब पल्ल्यासाठी हे कामाचं नव्हतं.

१८९० साली पॅरिसमध्ये एदुआर ब्रान्ली यांना वेगळंच काही दिसलं. काचेच्या नळीत धातूचा कीस भरला आणि ती बॅटरीला जोडली, तर कण सुटे असल्यामुळे प्रवाह जवळजवळ वाहत नाही. मात्र काही अंतरावर ठिणगी पाडली की प्रवाह एकदम वाहू लागतो. ठिणगी विझली तरी तो वाहतच राहतो. नळीवर टिचकी मारली की पुन्हा पहिल्यासारखं! इटलीत काल्झेक्की-ओनेस्ती यांनी धातूच्या किसाचा असा गुण काही वर्षं आधीच नोंदवला होता.

आता नावाकडे या, कारण आमच्या विषयाचं मर्म तिथे आहे. ब्रान्ली यांनी या नळीला ‘रेडिओ-कंडक्टर’ म्हटलं. जे दिसलं तेवढंच त्या नावात आहे : दुरून वाहक होणारी वस्तू. १८९४ च्या जानेवारीत हर्ट्झ वारले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी हर्ट्झ यांच्या कार्यावर व्याख्यान दिलं. ‘कोहिरर’ हे नाव लॉज यांचं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकमेकांना चिकटणं. म्हणजे कण चिकटतात हे स्पष्टीकरण नावातच येऊन बसलं! आपल्या नैयायिकांच्या भाषेत सांगायचं, तर ब्रान्ली यांनी धुराला नाव दिलं, लॉज यांनी अग्नीला. ब्रान्ली यांना हे चिकटणं काही पटलं नाही. कणांमधल्या रोधक थरात बदल होतो, असा त्यांचा कल होता. आज आपण म्हणतो, कणांवरचा ऑक्साइडचा पातळ थर भेदला जातो आणि स्पर्शबिंदूंवर सूक्ष्म सांधे जुळतात. म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

पण कारण कळेपर्यंत काम थांबलं नाही, बरं का. १८९५ मध्ये रशियात पोपोव्ह यांनी अशी जोडणी केली की घंटेवर पडणारा हातोडाच परतताना नळीवर आपटेल. मार्कोनी यांनी निकेल आणि थोड्या चांदीचा कीस घेऊन नळीतली हवा काढून टाकली. या नळीला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच कळे. मोर्सच्या टिंब-रेघांना ते पुरेसं होतं, पण माणसाच्या आवाजातले चढ-उतार तिच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून नवे शोधक येताच ती मागे पडली.

इथे आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न येतो. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी याच विषयावर काम केलं. त्यांचा १८९९ चा रॉयल सोसायटीतला निबंध आपोआप पूर्ववत होणाऱ्या, म्हणजे थाप नको असलेल्या, लोखंड-पाऱ्याच्या कोहिररविषयी आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सिग्नल हिलवर मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संदेश टेलिफोन कानाला लावून ऐकल्याचं सांगितलं. तेव्हा त्यांच्याजवळ पाऱ्याचा कोहिरर होता, आणि तो त्यांना इटलीच्या नौदलातल्या सोलारी यांच्याकडून मिळाला होता.

‘मार्कोनीने चोरलं’, असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. आम्हीही उमेदीच्या वयात ते ठासून म्हटलं आहे. पण नीट पाहा. बोस यांचा निबंध आधी छापला गेला, हा दस्तऐवज आहे. दोन उपकरणांत साम्य आहे, हे दिसतं. एकातून दुसरं आलं, हे अनुमान आहे. ते खरंही असेल, परंतु अनुमानाला पुरावा लागतो, आणि मधल्या कड्या अजून वादात आहेत. बोस यांचं श्रेय त्यांच्या छापील कामावर भक्कम उभं आहे. त्याला चोरीच्या कथेचा टेकू कशाला हवा?

लॉज यांनी नावात स्पष्टीकरण भरलं. आपण इतिहास सांगताना ‘जनक’, ‘चोर’ असे शब्द वापरतो, तेव्हा आपलंही तेच होतं. दिसलं किती आणि जोडलं किती, हे वेगळं ठेवायला हवं. प्रश्नोत्तरांत हा वाद निघेलच. तेव्हा आधी एवढं विचारू या की, आपल्या हातात धूर आहे की अग्नी. इथे थांबू या.