भालचंद्र नेमाडे : गावाचे उत्खनन

१/ भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, जळगाव जिल्ह्यातील सांगवीचा. 'कोसला'च्या (१९६३) नायकाच्या आडनावातच हे गाव आहे : पांडुरंग सांगवीकर.

२/ नेमाडे कवीही आहेत; 'मेलडी' (१९७०) आणि 'देखणी' (१९९१) हे त्यांचे काव्यसंग्रह.

३/ 'हिंदू'चा (२०१०) नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडील मृत्युशय्येवर असल्याचे कळते आणि तो मोरगावला परततो. आता स्मृतींचे थर उकलू लागतात : शेती, जाती, घरातील स्त्रियांची दुःखे.

४/ राजे आणि लढाया यांच्या इतिहासात कुणब्याचे घर क्वचितच दिसते. २०१४ च्या ज्ञानपीठाचे मानकरी ठरलेल्या या लेखकाने ते घर संस्कृतीच्या इतिहासाचे साधन मानले. इतिहासाच्या अभ्यासकाने 'हिंदू' वाचावी ती यासाठीच.