कलमात बाप आधी आहे

गेल्या आठवड्यात आमच्याकडे बसस्टँडच्या मागं एका दिवसाचं बाळ सापडलं. गुन्हा दाखल झाला, 'अज्ञात महिलेविरुद्ध'. वीस वर्षं अशा बातम्या करतोय. 'निर्दयी माता' हे हेडिंग मीही कितीदा दिलंय. यावेळी म्हटलं, कलम तरी नीट वाचू.

आज ते भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ आहे, जुलै २०२४ च्या आधी भादंवि ३१७ होतं. बारा वर्षांखालचं मूल कायमचं टाकायच्या हेतूनं कुठं सोडलं तर सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कोणाला? बापाला किंवा आईला किंवा ज्याच्याकडे मूल सांभाळायला आहे त्याला. बाप आधी लिहिलाय!

भादंवि लागू झाली १८६२ मध्ये. पुढच्याच वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. कोणी काही विचारणार नाही. एकीकडे सरकारनं शिक्षा ठेवली, दुसरीकडे या दोघांनी दार उघडलं. तिथं १८७४ मध्ये जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पुढं तो डॉक्टर झाला.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली (नंतर शिक्षा कमी झाली). वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं. म्हणजे आमचा धंदा तेव्हाही हाच. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला.

फुल्यांचं ते दार आता कायद्यातच आहे, हे किती जणांना माहितीये? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार आईबाप मूल बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवू शकतात. फेरविचाराला दोन महिने मिळतात. शिवाय परिस्थितीच हाताबाहेरची असल्यामुळं मूल सोडलं असं दिसलं, तर ते जाणूनबुजून सोडलेलं धरत नाहीत. पण बाळंतीण पोरीला हे सांगणार कोण? आमच्या बसस्टँडवर गुटख्याच्या जाहिराती आहेत, समितीचा फोन नंबर नाही.

ठाण्यात विचारलं, साहेब, बापाचं नाव कुठं आहे? म्हणाले, "तो कुठून शोधायचा?" म्हटलं, आई तरी कुठं सापडलीये अजून!

बातमीत मी 'अज्ञात आई-वडिलांवर गुन्हा' असं लिहून पाठवलं. सकाळी पेपर उघडला, तर हेडिंग 'निर्दयी माता'च.