व्हॉट्सॲप ग्रुपवरील शिष्टाचार

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वावरताना पाळायचे, बहुतांशी अलिखित संकेत. ऑनलाइन शिष्टाचाराची एक जुनी इंग्रजी नियमावली ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने ऑक्टोबर १९९५ मध्ये निघाली. सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहिणे म्हणजे ओरडणे, असे तीत म्हटले आहे. देवनागरीत तशी सोय नसल्याने आपल्याकडे ते काम उद्गारचिन्हांच्या रांगा करतात.

मराठी ग्रुपवरची मुख्य तक्रार फॉरवर्डची. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर किती वाजता येणार हे विचारावे आणि उत्तर ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांखाली गाडले जावे, हे नित्याचेच. निधनाच्या बातमीखाली वाढदिवसाचा केक येऊ नये, म्हणून वरचे वाचून मगच लिहावे.

फॉरवर्ड करण्याआधीची खातरजमा मात्र नुसत्या सौजन्याची बाब नाही. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत असताना, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फॉरवर्ड झालेल्या म्हणजे दुहेरी बाणाच्या संदेशांसाठी ती एकावर आली.

सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू नसल्यास, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. पुढे ॲडमिनला इतरांचा मजकूर पुसण्याचीही सोय मिळाली. घरच्या ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड पुसण्याचे धाडस क्वचितच कोणी करतो.