भिसेगाव ते पोर्ट लुई

साल 1856. भिसेगावच्या शेजारून खोपोलीची आगगाडी याच वर्षी धावू लागली आहे. तिच्यात बसून तुम्ही मुंबई गाठता, मॉरिशसच्या ऊसमळ्यातल्या मजुरीच्या करारावर अंगठा उठवता आणि कोकणातल्या माणसांबरोबर जहाजात चढता.

पोर्ट लुई बंदराच्या धक्क्यावरच्या सोळा पायऱ्या चढलात की कारकून नाव, बापाचं नाव, जात, गाव लिहून घेतो आणि नंबर देतो. राज्य इंग्रजांचं, पण कानावर पडतं फ्रेंच आणि क्रिओल. 1810मध्ये बेट घेताना इंग्रजांनी फ्रेंच वसाहतवाल्यांचा धर्म, कायदे, चालीरीती राखायचं कबूल केलं होतं.

इथूनच आणखी मागे सरा, 1723पर्यंत. आता हे ‘ईल द फ्रान्स’. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून बेड्या घालून माणसं आणली जात आहेत. ‘कोड नुआर’ या गुलामांविषयीच्या फ्रेंच कायद्याचा हुकूम आहे: प्रत्येक गुलामाचा कॅथलिक बाप्तिस्मा करायचा, दुसऱ्या धर्माचं जाहीर आचरण चालणार नाही. या माणसांचे देव असे हिसकावून घेतले गेले.

परत 1856मध्ये या. तुमचेही हाल होणार आहेत. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापतील. पण बोचक्यातला गणपती कोणी काढून घेणार नाही. बेटावरच्या धर्मांची आजची मांडणी या फरकातून झाली, असं मला ठामपणे वाटतं.

2011च्या जनगणनेत या. हिंदू सुमारे 48 टक्के, ख्रिस्ती 33च्या आसपास, मुसलमान 17. गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी आहे आणि तुमची खापरपणतवंडं ‘झाकरी’ नाचत आहेत. कोकणातली जाखडीच ती. 9 सप्टेंबरला सेंत-क्रुआला पेर लावाल यांच्या कबरीपाशी रांग लागते. हा फ्रेंच पाद्री 1841मध्ये आला, क्रिओल शिकला आणि 1835मध्ये मुक्त झालेल्या गुलामांमध्ये मरेपर्यंत राबला. त्याच्या कबरीवर हिंदू आणि मुसलमानही हात जोडतात.

आता या देशाची 1968ची राज्यघटना उघडा. निवडणुकीसाठी तिने चार समाज मानले आहेत. हिंदू, मुसलमान आणि चिनी वंशाचे यांना आपापलं नाव आहे. उरलेल्या सर्वांना, म्हणजे गुलामांच्या वंशजांना आणि त्यांच्या फ्रेंच मालकांच्या वंशजांनाही, एकच नाव: ‘सर्वसाधारण लोकसंख्या’.