सरळ धार आणि भोवरा

देवघरातली उदबत्ती असो की दर्ग्यातली अगरबत्ती, वारा नसला की तिचा धूर आधी दोरीसारखा सरळ वर चढतो. थोडं वर गेल्यावर मात्र त्याला वळणं पडतात, वेटोळी होतात आणि सगळा धूर विस्कटून जातो. ही सरळ रेघ का मोडते?

मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने १८८३ मध्ये याचा प्रयोग मांडला. पाण्याच्या टाकीत काचेची नळी ठेवून तिच्या तोंडाशी त्याने रंगाची बारीक धार सोडली. पाणी संथ होतं तोवर रंगाची रेघ सरळ राहिली. वेग वाढवला, तेव्हा एका टप्प्यावर ती अचानक फुटली आणि पुढचं सारं पाणी रंगून गेलं. विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिलं, तर त्या रंगात सुटेसुटे भोवरे दिसले.

पाण्याचा वेग, घनता, चिकटपणा आणि नळीची रुंदी यांचा मेळ घालून एक आकडा निघतो. त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. तो साधारण २,००० च्या खाली असला, तर प्रवाहाला बसलेला धक्का विरून जातो. पण टाकीतलं पाणी अगदी निवांत ठेवून रेनॉल्ड्सने ही रेघ १२,००० पर्यंतही टिकवली. म्हणजे नुसत्या वेगाने रेघ मोडत नाही, धक्काही लागतो. वेग जितका जास्त, तितका लहान धक्का पुरतो. मला या शोधात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक विभाग काढला. तोच आज खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे नद्या-धरणांच्या लहान प्रतिकृतींत पाणी सोडून पाहतात. प्रतिकृती लहान म्हणून तिचा रेनॉल्ड्स अंकही लहान. तो फार उतरला, तर खऱ्या नदीत खळाळणारं पाणी तिथे गुमान सरळ वाहील आणि अंदाज चुकेल. पंपांच्या विहिरींचीही तिथे अशीच चाचणी होते.

आमच्या जानेफळकडे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरलं, की फूटव्हॉल्व्हवर भोवरा धरतो. मोटार हवा ओढते, धार तुटते. हा भोवरा नळीतल्या भोवऱ्यांसारखा लगेच विरत नाही. पाणी मध्याकडे खेचलं जाताना आणखी जोरात फिरतं, म्हणून तो टिकतो. त्यावर एखादी फळी तरंगत ठेवली, तर फिरण्याला अडथळा होऊन तो मोडू शकतो.

तेव्हा वैशाखात मोटार बिघडली म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी विहिरीत एकदा डोकावून पाहावं.