पेढी, महाविद्यालय आणि क्लास

बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या साहित्याच्या शिक्षकांकडेही एक प्रश्न हमखास येतो. मुलाला किंवा मुलीला हिशेबशास्त्र शिकावयाचे असते. महाविद्यालयात जावे की एखाद्या खासगी शिकवणीवर्गाचे शुल्क भरावे, याचा निर्णय घरात होत नसतो. विचारणाऱ्यांच्या मनात एक समजूत पक्की असते. महाविद्यालय ही जुनी, प्रतिष्ठित संस्था आणि क्लास ही अलीकडची, बाजारू उपज. या समजुतीत तथ्य किती आहे हे पाहण्यासाठी आम्ही मुंबईचा इतिहास थोडा चाळला, आणि क्रम नेमका उलटा असल्याचे दिसून आले.

त्याही आधीची परंपरा मराठी वाचकाला अपरिचित नाही. जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेबाचे काम करणारे एकनाथ एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवतात आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवतात, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. तिचा पारमार्थिक अर्थ कीर्तनकारांनी पुष्कळ उलगडला आहे. आम्हांला तिच्यातील लौकिक तपशील अधिक मोलाचा वाटतो. एकनाथ हिशेब शिकले ते गुरूच्या कचेरीत, प्रत्यक्ष वह्यांवर. रोजकीर्द आणि खतावणी, जमा आणि नावे, मोडीतील आकडे आणि अपूर्णांक या साऱ्यांचे शिक्षण शतकानुशतके असेच होत राहिले. जाणत्या कारकुनाशेजारी बसून, त्याची बोलणी खाऊन. पेढी हीच शाळा होती. अर्थात त्या शाळेत प्रवेश कोणाला मिळावा हे पेढीचा मालक ठरवीत असे आणि नाते, जात व ओळख यांपलीकडे त्याची दृष्टी क्वचितच जाई.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही व्यवस्था अपुरी पडू लागली. गिरण्या, बँका, विमा कंपन्या आणि भागभांडवलावर चालणारे उद्योग यांचे हिशेब इंग्रजीत आणि द्विनोंदी पद्धतीने ठेवावे लागत. मालकाचा पुतण्या शेजारी बसून ते शिकू शकत नव्हता. ही गरज प्रथम ओळखली ती विद्यापीठाने नव्हे, तर खासगी शिक्षकाने. सोहराब दावर यांनी मुंबईत 1900 साली वाणिज्य-शिक्षणाची आपली संस्था काढली. सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले ते 1913 मध्ये. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि त्याच्या उभारणीत के. एस. अय्यर या व्यवसाय करणाऱ्या लेखापालाचा मोठा वाटा होता. म्हणजे मुंबईपुरते बोलावयाचे तर खासगी वर्ग हा सरकारी महाविद्यालयाचा थोरला भाऊ ठरतो, तब्बल तेरा वर्षांनी मोठा.

त्याच 1913 साली हिंदुस्थानचा कंपनी कायदा झाला. कंपनीचे हिशेब तपासणाऱ्याजवळ सरकारी प्रमाणपत्र असले पाहिजे, अथवा तो विलायतेतील मान्य संस्थेचा सभासद असला पाहिजे, असे बंधन त्यामुळे आले. एतद्देशीय तरुणाला विलायतेस न जाता हे प्रमाणपत्र मिळावे म्हणून मुंबई सरकारने 1918 मध्ये हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. जुन्या पाट्यांवर नावापुढे जी. डी. ए. ही अक्षरे दिसत, ती हीच. परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची आणि मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षे उमेदवारी करावयाची, या दोन अटी पुऱ्या झाल्या की निर्बंधरहित प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा होई.

या योजनेतील मेख लक्षात घेण्याजोगी आहे. शासनाने परीक्षा ठेवली आणि जुनी पेढीही उमेदवारीच्या रूपाने कायम राखली. परंतु या दोहोंच्या मधले अध्यापन कोठे व्हावे, याचा निर्णय विद्यार्थ्यावर सोडला. आज प्रत्येक जूनमध्ये उभा राहणारा प्रश्न त्या मोकळ्या जागेतून जन्मला आहे. आमच्या मते क्लास हा महाविद्यालयाच्या अपयशातून उगवला नाही. परीक्षा आणि अध्यापन यांची फारकत जेथे झाली, तेथे तो उगवणारच होता.

महाविद्यालय आणि क्लास या दोन्ही खोल्यांत उभा राहिलेला एक शिक्षक आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर 1918 ते मार्च 1920 या काळात सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्याने ऐकावयास अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत, असे चरित्रकार धनंजय कीर नमूद करतात. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी स्पर्श करू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, हेही कीरांनीच नोंदविले आहे. पुढे जून 1925 ते मार्च 1928 या काळात तेच आंबेडकर मुंबईतील बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र प्रशिक्षण संस्थेत अर्धवेळ अध्यापक म्हणून व्यापारी कायदा शिकवीत होते. महाडचा सत्याग्रह आणि 'बहिष्कृत भारत'चा आरंभ ही दोन्ही 1927 सालची. त्याच वर्षी हा पुरुष एका खासगी वर्गात करार आणि हुंडी यांची कलमे समजावून सांगत होता, ही गोष्ट आमच्या वाङ्मयीन स्मृतीत फारशी राहिलेली नाही.

या दोन नेमणुका शेजारी ठेवल्या म्हणजे आमच्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. शिक्षक तोच, विद्वत्ता तीच. मात्र महाविद्यालयाने त्यांना राजकीय अर्थशास्त्र शिकवावयास दिले. पैसा म्हणजे काय, त्याचे मूल्य कोण ठरवितो, हे प्रश्न विचारण्यास तेथे वाव होता. खासगी वर्गाने त्यांना व्यापारी कायदा दिला, कारण परीक्षेत तो विषय होता. क्लास वाईट शिकवितो असे नव्हे. पुष्कळदा तो अधिक नेटका शिकवितो. परंतु काय शिकवावे हे त्याच्या हाती नसते, ते प्रश्नपत्रिकेच्या हाती असते. उलट ज्ञानाचे व्यासपीठ मोठे असले म्हणून तेथील पाण्याचे भांडे सर्वांना खुले असतेच असेही नाही.

1949 च्या कायद्याने सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था त्या वर्षीच्या 1 जुलैस अस्तित्वात आली, तरी त्रिकोणाची आकृती बदलली नाही. संस्था परीक्षा घेते, उमेदवारी लेखापालाच्या कार्यालयात होते आणि शिकवणी विद्यार्थी आपापली शोधतो. उमेदवारीचे आर्थिक गणित मात्र पालटले. एके काळी शिकाऊ उमेदवारच गुरूला रक्कम देत असे, आता कार्यालय त्याला विद्यावेतन देते. तीन वर्षांची ही उमेदवारी 2023 च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. पेढीचा अंश असा घटत असताना क्लासचा विस्तार वाढत आहे. पुण्यामुंबईत असंख्य विद्यार्थी सकाळच्या सत्रात महाविद्यालयात नाव ठेवतात, दिवसा कार्यालयात राबतात आणि उरलेला वेळ क्लासला देतात. वर्गातील रिकामी बाके ही त्या वेळापत्रकाची खूण होय.

आम्ही साहित्याची माणसे या बाकांकडे पाहून हळहळतो. पण हळहळण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे? आमच्याही वर्गात कादंबरी न वाचता तिचे मार्गदर्शक वाचून उत्तीर्ण होणारे विद्यार्थी आहेत, आणि तशा प्रश्नपत्रिका आम्हीच काढल्या आहेत. प्रश्नपत्रिका शिक्षकापेक्षा मोठी झाली की महाविद्यालयाचाही क्लास होतो, आणि तोही अनेकदा निकृष्ट दर्जाचा.

म्हणून विचारणाऱ्या पालकांना आम्ही आता एकच उत्तर देत नाही. परीक्षा लवकर देऊन मिळवते होण्याची निकड घरात असेल, तर चांगला क्लास निवडण्यात कमीपणा नाही. मात्र तेथे प्रत्यक्ष कोण शिकविणार आणि उत्तीर्णांची नावे फलकावर झळकतात त्या वर्षी एकूण किती जण बसले होते, हे विचारून घ्यावे. महाविद्यालय निवडावयाचे तर तेथे वर्ग खरोखर भरतात का, ग्रंथालय उघडे असते का, हे स्वतः जाऊन पाहावे. ज्याचा कल अद्याप ठरलेला नाही, त्याला आम्ही आणखी एक गोष्ट सांगतो. कोणत्याही शाखेचा पदवीधर, अगदी मराठी साहित्याचा असला तरी, साठ टक्के गुणांवर सनदी लेखापालाच्या मधल्या परीक्षेस थेट नोंदणी करू शकतो. तीन वर्षे साहित्य वाचणे म्हणजे हिशेबाचे दार बंद करणे नव्हे.

एकनाथांच्या कथेत पै सापडते त्या रात्री समोर परीक्षक नव्हता. चूक राहिली असती तर ती दुसऱ्या कोणाला कळलीही नसती. ती टोचणी क्लासच्या टिपणांतून येत नाही आणि पदवीच्या कागदावरूनही येत नाही. ती कोणाच्या तरी शेजारी बसल्याने येते. तेव्हा महाविद्यालय की क्लास हे ठरविण्यापूर्वी, उमेदवारीची ती दोन वर्षे आपण कोणाच्या शेजारी बसणार, याचा विचार विद्यार्थ्याने आधी करावा, असे आम्हांला वाटते.